सिनेटला उभी राहतेय, पण आधी तुमचं नाव यादीत येऊ द्या

पाषाण रोडवरच्या, विद्यापीठाच्या आवारातल्या, आघारकर संशोधन संस्थेतल्या, हिंजवडी-भोसरी-चाकणच्या आर अँड डी मधल्या आणि पुणे विद्यापीठाची डिग्री घेऊन जगात कुठेकुठे पांगलेल्या सगळ्या संशोधक मंडळींना,

स.न.वि.वि.

मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अधिसभेची, म्हणजे आपण सगळे ज्याला सिनेट म्हणतो त्याची, पुढची निवडणूक पदवीधर गटातून लढवायचं ठरवलंय. मागची नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली, मुदत पाच वर्षांची असते, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. सरकारी लॅबमधून रिटायर झालेय, ऑरगॅनिक केमिस्ट्री हा विषय, एमएस्सी आणि पीएचडी दोन्ही याच विद्यापीठाची. कुठल्याही पॅनलची नाही. पण हे पत्र मतं मागायला नाहीये, म्हणजे मतं हवी आहेतच, खोटं कशाला बोलू, पण त्याच्या आधीची एक गोष्ट आहे ती तुमच्याशी बोलायची आहे. तुमच्यापैकी बहुतेकांचं नाव मतदार यादीतच नाहीये.

गेले काही महिने मी ओळखीतल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतेय, पदवीधर म्हणून नोंदणी केलीयेस का? एनसीएल, आयसर, एनसीसीएस अशा पुण्यातल्या संशोधन संस्थांमधले, फार्मा कंपन्यांतले, सगळे. उत्तरं ऐकण्यासारखी आहेत. एकाने विचारलं, "ती विधान परिषदेवाली ना?" एकीला वाटत होतं डिग्री मिळाली की आपोआप नाव लागतं. एकजण म्हणाला मॅडम तो पॉलिटिक्सवाल्यांचा खेळ आहे आपण कशाला, आणि त्यानंतर पाऊण तास विद्यापीठाचं कसं वाटोळं झालंय, प्रोजेक्टला येणाऱ्या मुलांना साधं टायट्रेशन कसं धड येत नाही, हे मला ऐकवत बसला. मी ऐकून घेतलं. तो म्हणत होता त्यातलं बरंचसं खरंही होतं. केंद्राच्या एनआयआरएफ यादीत विद्यापीठांच्या गटात आपलं पुणं २०२४ ला २३ वं होतं आणि २०२५ ला ५६ वं, एका वर्षात. त्या रँकिंगवर माझा काही फार विश्वास नाही, पण शिक्षक आणि विद्यार्थी यांचं प्रमाण त्यात मोजतात आणि आपल्या विभागांमध्ये किती पदं रिकामी पडलीत हे बघायला कुठल्या रँकिंगची गरज पण नाही, एकदा दुपारी कॉरिडॉरमधून चक्कर मारली तरी कळतं.

आता सिनेट म्हणजे नक्की काय ते थोडं सांगते कारण हे शाळेत कोणी शिकवत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ चा, त्यात कलम २८ आहे. त्यात सिनेटला विद्यापीठाच्या आर्थिक अंदाजांची आणि बजेटच्या तरतुदींची मुख्य अधिकारिणी म्हटलंय. परत वाचा, बजेटची. वर्षातून निदान दोन बैठका, त्यातली एक अर्थसंकल्पाची. सभेत कुलगुरू, अधिष्ठाता, प्राचार्य, प्राध्यापक, संस्थाचालक, राज्यपालांनी नेमलेले लोक असे सगळे असतात आणि त्यात दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांच्या. दहापैकी पाच राखीव (एससी, एसटी, डीटी-एनटी, ओबीसी आणि महिला, एकेक) आणि पाच खुल्या. या दहांमधून दोघं पुढे व्यवस्थापन परिषदेवर जातात आणि खरी कार्यकारी सत्ता तिथे आहे. म्हणजे पुणे, अहिल्यानगर, नाशिक या जिल्ह्यांतल्या लाखो पदवीधरांच्या वतीने दहा माणसं.

आणि मतदार किती? मुंबईचं उदाहरण घेते कारण तिथली निवडणूक जास्त गाजली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ती एका रात्रीत स्थगित झाली, मग परत नोंदणी, परत यादी, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मतदान दोन दिवसांवर असताना परत स्थगिती, मग हायकोर्टात धाव आणि शेवटी २४ सप्टेंबरला मतदान. एवढा सगळा तमाशा होऊन यादीत पदवीधर किती होते, तेरा हजारांच्या थोडे वर! १८५७ चं विद्यापीठ, मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतचा पसारा, दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांचा आकडाच लाखाच्या घरात, आणि मतदार तेरा हजार, त्यातले निम्म्याच्या जरा वर आले मतदानाला. दहाच्या दहा जागा युवासेनेने घेतल्या, २०१८ ला पण घेतल्या होत्या. लोक यावर नाकं मुरडतात. मी नाही मुरडणार. त्यांनी टेबलं टाकली, फॉर्म भरून घेतले, डिग्रीच्या झेरॉक्स गोळा केल्या, मतदानाच्या दिवशी फोन करकरून माणसं बाहेर काढली. आपल्याकडच्या पॅनलवाल्यांचं पण तेच, विद्यार्थी संघटनेची पोरं उन्हात उभी राहून नोंदणी करतात तेव्हा आपण एसी सेमिनार रूममध्ये "हायर एज्युकेशनची दशा" यावर चर्चा करत असतो आणि बरोबर बिस्किटं खात असतो. मग सिनेटमध्ये आपला माणूस नाही म्हणून रडायचं कशाला.

बरं, लॅबमधला माणूस तिथे असला तर फरक काय पडणार?

एक प्रसंग सांगते. एका विद्यापीठाच्या विभागात (नाव घेत नाही, आणि पुण्याचं असेल असं गृहीत पण धरू नका) मी एमएस्सीची प्रॅक्टिकल घ्यायला एक्स्टर्नल म्हणून गेले होते. कोपऱ्यात यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण कुठला प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र), चांगल्या कंपनीचं, वर निळं प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर कागद चिकटवलेला, "मशीन बंद आहे. हात लावू नये." कागदाच्या कडा पिवळ्या पडलेल्या. विचारलं काय झालंय, तर ड्युटेरियमचा दिवा गेलाय. बस एवढंच, दिवा. ती वापरायची वस्तू आहे, ठराविक तास चालते आणि जाते, मशीनच्या किमतीपुढे तिची किंमत किरकोळ. मग आणला का नाही? तर तो एकाच कंपनीचा बसतो, तीन कोटेशनं येणार कुठून, मग प्रोप्रायटरी आयटमचं सर्टिफिकेट पाहिजे, ते झालं तर परचेस कमिटीची मीटिंग नाही, मीटिंग झाली तर सप्लायरचं आधीचं बिल थकलंय म्हणून तो माल पाठवत नाही, तोपर्यंत ३१ मार्च आला, दुरुस्ती-देखभालीचे पैसे परत गेले आणि एप्रिलपासून पहिले पाढे पंचावन्न. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मशीन चालू आहे. त्यामुळे नवीन मागता येत नाही. आणि निर्लेखन करायचं, म्हणजे जुनं मशीन रजिस्टरमधून काढून टाकायचं, तर ती अजून एक वेगळी कमिटी.

मुलांनी काय केलं, तर मागच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग उतरवली. द्रावण सगळ्यात जास्त प्रकाश शोषतं ती तरंगलांबी सगळ्यांची एकदम सारखी, दशांशापर्यंत सारखी. मी एका मुलीला विचारलं, तू स्वतः हे मशीन कधी चालवलंयस? ती काही बोलली नाही, तिच्या सरांकडे बघितलं फक्त. काय मार्क द्यायचे सांगा मला. हीच मुलगी सहा महिन्यांनी तुमच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून येते आणि तुम्ही म्हणता यांना काही येत नाही.

आता हाच दिवा बजेटच्या पुस्तकात कुठे आहे? "उपकरणे दुरुस्ती व देखभाल" अशी एक ओळ असते, तिच्यापुढे तरतुदीचा आकडा असतो आणि बहुतेक सदस्यांची नजर त्या ओळीवरून घसरून पुढे जाते कारण त्यांना तो आकडा बघून काही आठवतच नाही. त्यांचा दोष नाही, त्यांनी कधी बंद मशीनपुढे उभं राहून पोरांना तोंड दिलेलं नाही. मला ती ओळ दिसली की मी विचारणार, मागच्या वर्षी तरतूद किती होती, त्यातली खर्च किती झाली, परत किती गेली, कुठल्या विभागातली किती यंत्रं आज बंद आहेत, किती दिवसांपासून, आणि किती मशीनचं एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट, चालू आहे. सिनेटच्या सदस्याला लेखी प्रश्न विचारता येतो, त्याचं उत्तर रेकॉर्डवर येतं, बजेटवर कपात सूचना मांडता येते. मला क्रांती वगैरे करायची नाहीये. मला फक्त ती यादी रेकॉर्डवर आणायची आहे, एकदा ती आली की पुढच्या वर्षी तेच मशीन परत बंद दिसलं तर उत्तर द्यायला कोणालातरी उभं राहावं लागेल.

तसंच पीएचडीच्या मुलांचं. केंद्राची जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, कागदावर. ज्यांना ती नाही ती मुलं कशावर जगतात, ज्यांना आहे त्यांची कधी येते, मधल्या महिन्यांचं भाडं कोण भरतं, हे मेसमध्ये बसणाऱ्या कोणालाही विचारा. विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून निदान तेवढ्या काळापुरतं आगाऊ देता येईल का, नंतर फेलोशिप आली की वळतं करून घ्यायचं, हा प्रश्न मला विचारायचा आहे. "येणार नाही" असं उत्तर आलं तरी का येणार नाही ते लेखी पाहिजे.

खोलीत जाणकार माणूस नसला की काय होतं याचं मोठं उदाहरण हवं असेल तर जुलै २०२४ आठवा. केंद्राच्या बजेटमध्ये लॅब केमिकल्सवरची कस्टम ड्यूटी १० टक्क्यांवरून एकदम १५० टक्के केली होती! म्हणजे बाटलीच्या किमतीच्या दीडपट नुसता कर. तुमच्यातल्या किती जणांनी त्या आठवड्यात ऑर्डरी थांबवल्या होत्या ते मला माहितीये. मग सगळ्या देशातल्या शास्त्रज्ञांनी आरडाओरडा केला आणि १ ऑगस्टला, संशोधनासाठी स्वतः वापरणार असाल तर, ड्यूटी परत १० टक्क्यांवर आली. म्हणजे ओरडलं की ऐकतात. पण नियम लिहिताना तिथेच कोणीतरी म्हणालं असतं की अहो हे केमिकल दारू नाहीये, तर ओरडायची वेळ आली नसती.

इथे काहीजण म्हणतील, मग काय, शास्त्रज्ञांच्याच हातात द्या सगळं? नाही, अजिबात नाही, आणि याला इतिहास आहे. १९०४ साली व्हाइसरॉय कर्झनने युनिव्हर्सिटीज ॲक्ट आणला तेव्हा त्याचं पण म्हणणं हेच होतं की सिनेटमध्ये भलतीच गर्दी झालीये, शिक्षणाशी संबंध नसलेले लोक भरलेत, जाणकारांचं छोटं मंडळ पाहिजे. ऐकायला किती छान. प्रत्यक्षात फेलोंची, म्हणजे सिनेटच्या सदस्यांची, संख्या शंभरावर बांधली, त्यातले बहुतेक सरकारने नेमायचे, निवडून येणारे मुंबईसारख्या जुन्या विद्यापीठांत फक्त वीस. गोपाळ कृष्ण गोखले, जे स्वतः फर्ग्युसनमध्ये शिकवून आलेले, त्यांनी व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलमध्ये त्याला कडाडून विरोध केला होता. त्यामुळे "मी तज्ज्ञ आहे म्हणून मला द्या" हे मी म्हणणार नाही, तो कर्झनचा मुद्दा झाला. दहा जागांवर वकील असू देत, नाशिकचा द्राक्षवाला पदवीधर असू दे, संगमनेरची पत्रकार असू दे, आणि एक कोणीतरी असा असू दे ज्याने लॅबमधल्या फ्यूम हूडपुढे (रसायनांच्या वाफा ओढून घेणारं कपाट) आयुष्य काढलंय. इतकंच मागणं आहे.

शास्त्रज्ञाने निवडणुकीत पडू नये हे पण मला घरून आणि बाहेरून ऐकवून झालंय. मेघनाद साहा, ज्यांचं समीकरण आपण सगळे पाठ करून पास झालो, ते १९५२ ला कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून गेले होते. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाचं नियामक मंडळ तर थेट जनता निवडते, नऊ रीजंट, सहा वर्षांची मुदत, पक्षाच्या तिकिटावर. २०१८ मध्ये तिथे लेस्ली स्मिथ नावाच्या बाई सगळ्या राज्यातून निवडून आल्या, त्याच विद्यापीठाच्या पर्यावरण संशोधन संस्थेत काम केलेल्या शास्त्रज्ञ, आधी शाळा मंडळावर होत्या. डेन्व्हर-बोल्डरकडे राहणारे जे आपले लोक तिकडचे नागरिक झालेत त्यांच्या घरी ही मतपत्रिका पोस्टाने येते, राज्याच्या बाकी मतदानाबरोबरच. मला काही ती पद्धत आदर्श वाटत नाही, विद्यापीठ थेट पक्षांच्या तिकिटांवर चालवणं आपल्याकडे नको रे बाबा. पण तिथे निदान लपवाछपवी नाही, इथे पॅनलच्या नावात पक्ष नसतो आणि पोस्टरवर सगळे नेते असतात.

नोकरीत असलेल्यांसाठी एक महत्त्वाचं. तुम्ही केंद्र सरकारच्या लॅबमध्ये असाल तर सीसीएस कंडक्ट रूल्स (केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणुकीचे नियम), नियम १५, निवडून यायचं कुठलंही पद घ्यायला किंवा अशा पदाच्या उमेदवाराचा प्रचार करायला पूर्वपरवानगी लागते. म्हणून मी रिटायर होईपर्यंत थांबले आणि म्हणूनच तुमच्यापैकी कोणालाही माझ्यासाठी फॉरवर्ड कर, ग्रुपवर टाक असं म्हणणार नाहीये. माझं पत्र तुमच्या ऑफिसच्या ग्रुपवर नको. पण स्वतःचं नाव मतदार म्हणून नोंदवायला आणि मत द्यायला तुम्हाला डायरेक्टरची सही लागत नाही. हा गैरसमज इतक्या लोकांना आहे की मी थक्क झाले, पीएचडी झालेली माणसं हळू आवाजात विचारतात, मॅडम यात काही प्रॉब्लेम तर नाही ना येणार?

दुसरी शंका, अपक्षाला मत म्हणजे वाया. इथे तसं नाही. ही पसंतीक्रमाची निवडणूक आहे, मतपत्रिकेवर १, २, ३ असे आकडे लिहायचे. समजा खुल्या पाच जागांसाठी ६००० मतं वैध ठरली, तर ६००० ला ६ ने (जागा पाच, अधिक एक) भागायचं आणि एक मिळवायचं, १००१ हा कोटा. तेवढी झाली की निवडून. कोट्याच्या वरची मतं पुढच्या पसंतीला जातात, तळातला उमेदवार बाद झाला तर त्याची मतं पण पुढच्या पसंतीला जातात. म्हणजे मला एक नंबर देऊन पॅनलच्या एखाद्या चांगल्या माणसाला दोन नंबर दिलात (आणि आहेत तिथे चांगली माणसं, मी ओळखते) तर मी पडले तरी तुमचं मत त्याच्याकडे जिवंत राहतं. आता हा १००१ चा आकडा बघा आणि पाषाण रोडच्या दोन्ही बाजूंना आणि विद्यापीठाच्या गेटच्या आत मिळून पुणे विद्यापीठाचे किती पदवीधर रोज डबा खातात याचा अंदाज करा. एनसीएल, आयसर, आयुका, एनसीआरए, एनसीसीएस, सी-डॅक. नारळीकर सरांनी १९८८ मध्ये आयुका ही खगोलशास्त्राची संस्था विद्यापीठाच्या आवारातच का उभी केली, तर विद्यापीठांसाठीच ती संस्था होती, मधे भिंत नको म्हणून. भिंत आपण बांधली. आपल्यातले कित्येकजण त्याच आवारात कामाला जातात आणि पलीकडच्या विभागात वर्षानुवर्षं पाऊल टाकत नाहीत.

नोंदणीचं आता नीट ऐका. विद्यापीठ अधिसूचना काढतं, त्यात कोण पात्र, कुठले कागद, शेवटची तारीख कुठली, सगळं असतं. ती तारीख गेली की गेली, मतदान महिन्यांनी असतं पण यादी आधी बंद होते आणि आपले लोक जागे होतात ते मतदानाच्या आठवड्यात. आधी कधी नोंदणी केली असेल तरी निर्धास्त राहू नका, परत बघा. डिग्री सर्टिफिकेट शोधून स्कॅन करून ठेवा, आत्ताच, कारण मला माहितीये ते गावच्या घरी ट्रंकेत आईच्या पैठणीखाली आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनो, नावबदलाचा कागद पण शोधून ठेवा, आपलेच अर्ज यात जास्त अडकतात. मुंबईचे, कोल्हापूरचे, नागपूरचे पदवीधर असाल तर तुमची सिनेट वेगळी, तुमच्याकडे हेच करा. परदेशी असलेल्यांनी इथल्या भावाबहिणींना, बॅचच्या लोकांना एक फोन करा.

आणि एक काम सगळ्यांना, उमेदवार मी असो नसो. तुम्ही विद्यापीठाच्या विभागांत परीक्षेला जाता, व्हायव्हाला जाता, सेमिनारला जाता. जाल तेव्हा बंद पडलेलं यंत्र दिसलं तर त्याचं नाव, कधीपासून बंद आणि नेमकं काय गेलंय एवढं टिपून ठेवा. विभागप्रमुखांना लाजवायला नाही, ते स्वतःच वैतागलेले असतात, त्यांच्याशी बोलूनच लिहा. मी निवडून आले तर पहिल्या बजेट बैठकीत ही यादी प्रश्न म्हणून जाईल. नाही आले तर जे दहा निवडून येतील त्या प्रत्येकाच्या हातात तिची एकेक प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे, पोच घेऊन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक रिटायर्ड केमिस्ट, पुणे विद्यापीठाची जुनी विद्यार्थिनी